रुग्णाला घेऊन पहिले उड्डाण : अमेरिकेतील नव्या स्वयंसेवी वैमानिकांसाठी मार्गदर्शन

कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरील युरेका गावात राहणाऱ्या कर्करुग्णाला दर तीन आठवड्यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील मोठ्या रुग्णालयात जायचे असेल, तर त्याच्यापुढे सुमारे २७० मैलांचा, बराचसा डोंगरवळणांचा रस्ता असतो. मोटारीने जायला पाच-साडेपाच तास लागतात आणि परतताना तेवढाच प्रवास उपचारांनी गळून गेलेल्या शरीराने करावा लागतो. चार आसनांचे सेस्ना १८२ विमान हे अंतर साधारण पावणेदोन तासांत कापते. अमेरिकेतील हजारो खासगी वैमानिक आपले विमान, आपले इंधन आणि आपला दिवस देऊन अशा रुग्णांची ने-आण करतात आणि रुग्णाकडून एक पैसाही घेत नाहीत.

या कामाला संघटित रूप १९८०च्या दशकात आले. पश्चिमेकडील राज्यांत काम करणारी एंजल फ्लाइट वेस्ट ही संस्था १९८३ साली सुरू झाली. कॅनडात होप एअर १९८६ पासून, तर ऑस्ट्रेलियात एंजल फ्लाइट २००३ पासून काम करीत आहे. अमेरिकेतील अशा अनेक संस्थांना एकत्र आणणारी एअर केअर अलायन्स ही संघटना १९९० मध्ये स्थापन झाली. हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, खासगी वैमानिकाचा परवाना हाती असलेल्या आणि या सेवेत येऊ पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. भारतात रुग्णांची हवाई वाहतूक परवानाधारक व्यावसायिक कंपन्यांमार्फत होते, त्यामुळे येथील पद्धत तिकडे जशीच्या तशी लागू होत नाही.

आधी हे काम काय आहे आणि काय नाही

तुमचे विमान म्हणजे रुग्णवाहिका नव्हे, ही गोष्ट मनात पक्की करूनच पुढे जावे. विमानात डॉक्टर नसतो, परिचारिका नसते, स्ट्रेचर नसते. रुग्णाची प्रकृती स्थिर असावी लागते, त्याला थोड्याशा आधाराने विमानात चढता-उतरता यावे लागते आणि पट्टा लावून पूर्ण वेळ बसून राहता यावे लागते. विमान प्रवासाला हरकत नाही, असे त्याच्या डॉक्टरांनी संस्थेला लेखी कळवलेले असते. तातडीच्या प्रसंगी ही सेवा वापरली जात नाही. भेटीची तारीख आधीच ठरलेले रुग्ण यासाठी निवडले जातात. केमोथेरपीच्या फेऱ्या, अवयव प्रत्यारोपणापूर्वीच्या व नंतरच्या तपासण्या, भाजलेल्या मुलांवरील पुढच्या शस्त्रक्रिया, दुर्मीळ आजारांच्या चाचण्या ही त्यांची नेहमीची कारणे. यांतील पुष्कळांची प्रतिकारशक्ती इतकी खालावलेली असते की, गर्दीची बस किंवा प्रवासी विमान त्यांच्यासाठी धोक्याचे ठरते. म्हणूनच वैमानिकाला साधी सर्दी असली तरी त्याने उड्डाण रद्द करावे. हा नियम मी कधीही मोडत नाही आणि नव्यांनीही तो पहिल्या दिवसापासून पाळावा.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. खासगी परवान्यावर मोबदला घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. सामान्य उड्डाणात सोबत्यांबरोबर खर्च वाटून घेण्याची मुभा असली, तरी धर्मादाय उड्डाणात रुग्णाकडून तेही घ्यायचे नसते. पेट्रोलचे म्हणून कोणी प्रेमाने पाकीट पुढे केले, तर नम्रपणे नाकारावे. फारच आग्रह झाला, तर संस्थेला देणगी द्यावी असे सुचवावे. काही संस्था विशेष परवानगीच्या आधारे वैमानिकाला इंधनाचा खर्च परत देतात, परंतु त्या परवानगीसोबत जादा अटी येतात. त्या वाचल्याशिवाय पैसे स्वीकारू नयेत.

पात्रता आणि नोंदणी

प्रत्येक संस्थेची अट वेगळी असली, तरी विमानाचा प्रमुख वैमानिक म्हणून काही शे तासांचा अनुभव बहुतेक जण मागतात. त्याखेरीज चालू वैद्यकीय प्रमाणपत्र किंवा २०१७ पासून लागू झालेली, नेहमीच्या डॉक्टरांच्या तपासणीवर चालणारी बेसिकमेड ही सवलत, दर दोन वर्षांनी प्रशिक्षकासोबत होणारी उजळणी, विमानाची वार्षिक तपासणी आणि पुरेसा विमा यांची कागदपत्रे द्यावी लागतात. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचे न दिसता केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता, काही ठिकाणी सक्तीचे, काही ठिकाणी ऐच्छिक आहे. माझे मत स्पष्ट आहे : ते रेटिंग नसेल तर आधी ते मिळवावे, मग रुग्णांकडे वळावे. ढगांतून उडता यावे एवढ्यासाठी मी हे म्हणत नाही. त्या प्रशिक्षणातून हवामानाची जी समज येते आणि स्वतःच्या मर्यादांचे जे भान येते, ते या कामात रोज उपयोगी पडते.

भारतात परवाना मिळवून इकडे आलेल्यांना त्या परवान्याच्या आधारे अमेरिकी प्रमाणपत्र मिळू शकते. मात्र ते मूळ परवान्याला बांधलेले राहते आणि मूळ परवान्यावरील मर्यादा त्यालाही लागू होतात, म्हणून येथे दीर्घकाळ राहणार असाल, तर स्वतंत्र अमेरिकी प्रमाणपत्र काढणे हिताचे.

विमा कंपनीला स्वतः फोन करावा आणि स्वयंसेवी रुग्णवाहतूक आपल्या पॉलिसीत बसते का, हे लेखी विचारून घ्यावे. विमान भाड्याचे किंवा क्लबचे असेल, तर मालकाचीही लेखी संमती घ्यावी.

नोंदणी झाल्यावर लगेच रुग्ण स्वीकारू नये. रुग्णाच्या अशा प्रत्येक उड्डाणाला मिशन म्हणतात. बऱ्याच संस्थांत मिशन असिस्टंट म्हणून अनुभवी वैमानिकाच्या शेजारी बसून जाता येते. अशी दोन-तीन उड्डाणे करावीत. तो वैमानिक विमान कसे चालवतो, यापेक्षा रुग्णाशी फोनवर कसा बोलतो, सामान कोठे ठेवतो, उशीर झाल्यावर कोणाला आधी कळवतो, याकडे लक्ष द्यावे. विमान चालवणे तुम्हाला येतेच.

पहिले मिशन निवडताना

संस्थेच्या यादीत एकाच वेळी अनेक गरजू दिसतात आणि सर्वांत दूरच्या, सर्वांत अडचणीत असलेल्या रुग्णाकडे मन ओढ घेते. पहिल्या खेपेला तो मोह टाळावा. ओळखीचे विमानतळ, दीड तासाच्या आतले अंतर, दिवसाउजेडी सुरू होऊन दिवसाउजेडी संपणारे उड्डाण आणि डोंगर ओलांडावे न लागणारा मार्ग एवढे पाहावे. पल्ला मोठा असेल, तर संस्थाच त्याचे टप्पे पाडून दोन किंवा तीन वैमानिकांत ते वाटून देते. त्यातला एक टप्पा उचलणे ही उत्तम सुरुवात आहे. जाण्याचे आणि परतीचे उड्डाण एकाच वैमानिकाने करावे अशी अपेक्षा नसते.

मिशन स्वीकारल्यावर दोन-तीन दिवस आधी रुग्णाला स्वतः फोन करावा. हा फोन या संपूर्ण कामाचा कणा आहे, असे मी मानतो. विमान किती लहान आहे, पंखावर पाय देऊन चढावे लागेल की दारापाशी पायरी आहे, आत शौचालय नाही, आवाज मोठा असतो म्हणून कानांवर हेडसेट लावावे लागतील, हे सारे शांतपणे सांगावे. आजाराची चौकशी करू नये. रुग्णाने स्वतःहून सांगितले तर ऐकून घ्यावे, पण सल्ला देऊ नये. विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत : चढताना कोणत्या बाजूने आधार लागेल, घडीची चाकाची खुर्ची सोबत आहे का, प्राणवायूचे यंत्र आहे का, त्याची बॅटरी किती तास चालते, आणि संस्थेकडे नाव नोंदवल्यानंतर कोणती नवी शस्त्रक्रिया झाली आहे का. शेवटच्या प्रश्नाला कारण आहे. हवेचा दाब उंचीवर कमी होतो आणि ८,००० फुटांवर शरीरात अडकलेला वायू जमिनीवरच्या आकारमानाच्या सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत आत वायूचा बुडबुडा सोडलेला असेल किंवा फुप्फुसाभोवती हवा साठलेली असेल, तर हे फुगणे घातक ठरू शकते. असे काही ऐकू आले, तर आपण निर्णय न करता तत्काळ संस्थेच्या समन्वयकाला कळवावे आणि डॉक्टरांचे नवे पत्र येईपर्यंत थांबावे. फुप्फुसांचा आजार किंवा रक्तक्षय असलेल्यांना वैमानिकाला प्राणवायू लावणे ज्या उंचीवर बंधनकारक होते, तिच्या कितीतरी खालीही धाप लागू शकते, म्हणून शक्य तेवढे खालून उडता येईल असा मार्ग आखावा.

वजनाचा हिशेब

लोक आपले वजन कमी सांगतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. आजारपणात वजन भराभर बदलते आणि बूट, जाकीट, औषधांची पिशवी कोणी मोजत नाही. मी सांगितलेल्या प्रत्येक आकड्यात १० पौंड मिळवतो आणि विमानतळावर हातात धरायचा साधा सामान-काटा नेतो.

एक उदाहरण पाहू. सेस्ना १८२च्या नव्या प्रकारात उड्डाणाचे कमाल वजन ३,१०० पौंड असते आणि रिकाम्या विमानाचे वजन वगळता साधारण १,१०० पौंड उरतात. तुमच्या विमानाचा खरा आकडा त्याच्याच कागदांत पाहावा. वैमानिक १८०, रुग्ण २००, सोबती १७० आणि सामान ६० असे धरले, तर ६१० पौंड झाले. उरले ४९०. विमानाच्या पेट्रोलचा एक गॅलन ६ पौंडांचा, आणि टाक्या पूर्ण भरल्या तर वापरण्याजोगे ८७ गॅलन म्हणजे ५२२ पौंड. म्हणजेच टाक्या काठोकाठ भरून हे लोक नेता येणार नाहीत. पावणेदोन तासांना साधारण २५ गॅलन लागतात. पर्यायी विमानतळ आणि तासाभराची शिल्लक धरून ५५ गॅलन घेतले, तर ३३० पौंड होतात आणि हिशेब आरामात बसतो. नियमाने उपकरणांवरील उड्डाणात पर्यायी विमानतळानंतर ४५ मिनिटांचे इंधन राखावे लागते. रुग्ण सोबत असताना मी एक तास राखतो. वजनाबरोबर तोलही मोजावा, कारण जड बॅगा मागे आणि हलके प्रवासी पुढे अशी मांडणी एकूण वजन मर्यादेत असूनही चुकीची ठरू शकते. हिशेब आदल्या दिवशी करावा, म्हणजे एक बॅग घरी ठेवण्याची विनंती रुग्णाला वेळेत करता येते.

नाही म्हणण्याची तयारी

येथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण या सेवेतील माणसे तंत्राच्या अज्ञानापेक्षा भिडेपोटी अधिक गोत्यात येतात. समोर आजारी माणूस आहे, त्याची भेटीची वेळ ठरली आहे, त्याचे कुटुंब तुमच्यावर विसंबले आहे. अशा वेळी ढगांचा तळ थोडा कमी असला तरी जाऊन पाहू, असे वाटणे स्वाभाविक आहे. स्वतःच्या सहलीला ज्या हवामानात विमान बाहेर काढले नसते, त्या हवामानात माणूस परोपकारासाठी निघतो.

ऑस्ट्रेलियातील एंजल फ्लाइटच्या उड्डाणांचे दोन अपघात प्रत्येक नव्या वैमानिकाने अभ्यासावेत. ऑगस्ट २०११ मध्ये मेलबर्नहून नील गावाकडे निघालेले एक लहान विमान मावळता प्रकाश, पाऊस आणि खाली उतरलेले ढग यांत सापडून कोसळले. जून २०१७ मध्ये माउंट गँबियरहून ॲडलेडकडे निघालेले दुसरे विमान धुक्याच्या आणि खालच्या ढगांच्या सकाळी उडाले आणि काही क्षणांतच जमिनीवर आदळले; वैमानिकाकडे उपकरणांवर उडण्याची पात्रता नव्हती. दोन्ही वेळी प्रत्येकी तीन जण गेले आणि दोन्ही वेळी त्यांत एक मुलगी व तिची आई होती. तेथील वाहतूक सुरक्षा विभागाच्या २०१९च्या अहवालाने अशा उड्डाणांतील प्राणघातक अपघातांचे प्रमाण इतर खासगी उड्डाणांच्या सातपटीहून अधिक असल्याचे नोंदवले. एंजल फ्लाइटने त्या आकडेमोडीवर आक्षेप घेतला. नवे नियम मात्र अहवालाआधीच, मार्च २०१९ मध्ये लागू झाले होते. अमेरिकेतही राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये दोन गोष्टींची शिफारस केली होती : वैमानिकाची पात्रता चालू आहे ना, हे संस्थांनी उड्डाणापूर्वी तपासावे आणि ही उड्डाणे व्यावसायिक विमानसेवेच्या निकषांवर चालत नाहीत, हे प्रवाशांना स्पष्ट सांगावे. फोनवर ही दुसरी गोष्ट तुम्हीही सांगावी.

यावर उपाय म्हणजे आपल्या मर्यादा आधीच कागदावर लिहून ठेवणे. माझ्या कागदावर असे आहे : उतरायच्या ठिकाणी ढगांचा तळ १,००० फुटांपेक्षा खाली किंवा दृश्यमानता ३ मैलांपेक्षा कमी अपेक्षित असेल, तर निघायचे नाही, मार्गात विमानावर बर्फ साचण्याचा इशारा असेल, तर निघायचे नाही, रात्री रुग्ण न्यायचा नाही. तुमचे आकडे वेगळे असतील, पण ते निवांत संध्याकाळी घरी बसून लिहिलेले असावेत, रुग्ण समोर उभा असताना मनात जुळवलेले नसावेत.

दुसरा भाग आहे कळवण्याचा, आणि तो मी चुकीतून शिकलो. माझ्या तिसऱ्या मिशनमध्ये किरणोपचार संपवून घरी परतणाऱ्या एका वृद्ध बाईंना उत्तरेच्या किनाऱ्यावर न्यायचे होते. युरेकाजवळचा तो विमानतळ दुसऱ्या महायुद्धात नौदलाने बांधला आणि तेथे धुक्यात विमाने उतरवण्याचे प्रयोग झाले, यावरून तिथल्या धुक्याची कल्पना यावी. आदल्या रात्रीचा अंदाज वाईट होता, तरीही मी त्यांना सकाळी पाहू असे म्हणालो, आठ वाजता पुन्हा तेच म्हणालो आणि दहा वाजता उड्डाण रद्द केले. तोवर त्यांची बस निघून गेली होती आणि त्यांना आणखी एक रात्र मोटेलात काढावी लागली. मी सुरक्षित निर्णय घेतला होता, पण तो इतक्या उशिरा घेतला की त्याचा भार त्यांच्यावर पडला.

तेव्हापासून मी तीन वेळा ठरवून फोन करतो. दोन दिवस आधी हवामानाचा पहिला अंदाज सांगतो आणि पर्यायी सोय काय आहे, हे विचारून घेतो. आदल्या दिवशी दुपारी, बस किंवा मोटारीची सोय अजून करता येईल अशा वेळी, निर्णय सांगतो. शंका असेल तर तो नकारच असतो. सकाळचा फोन फक्त होकार पक्का करण्यासाठी किंवा अचानक बिघडलेल्या हवेसाठी. नकार देताना वाक्य सरळ असावे : उद्या हवामानामुळे मी येऊ शकणार नाही, समन्वयकाला आत्ताच कळवतो आहे. समन्वयक दुसरा वैमानिक, मोटार किंवा काही वेळा प्रवासी विमानाचे तिकीट शोधतो. त्याला जितके तास मिळतील तितके त्याचे काम सोपे होते.

वाट बदलावी लागली तर रुग्णाचे पुढे काय, हेही आधी ठरवावे. किनारा धुक्यात गेला, तर आत डोंगरापलीकडच्या रेडिंग शहराचा विमानतळ बहुधा उघडा असतो, पण तेथून किनाऱ्यावर जायला मोटारीने सुमारे तीन तास लागतात. ती मोटार कोण आणणार, याचे उत्तर उड्डाणापूर्वी हाती असावे. हिवाळ्यात कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात जमिनीलगत साचणारे टुली धुके दिवसचे दिवस हटत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सॅक्रामेंटो किंवा फ्रेस्नोचे मिशन घेताना हा विचार आधी करावा.

उड्डाणाचा दिवस

ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचावे, पेट्रोल भरून ठेवावे, विमानाची तपासणी रुग्ण येण्यापूर्वी संपवावी. प्रवासी न्यायचे, तर मागील ९० दिवसांत तीन उड्डाणे व अवतरणे झालेली असावीत हे खरे, पण तीन महिन्यांत तीनच झाली असतील, तर आधी एकट्याने जाऊन यावे. रुग्णाला इमारतीतून विमानापर्यंत स्वतः सोबत घेऊन यावे आणि नेहमी पंखाच्या मागच्या बाजूने आणावे. इंजिन चालू असताना कोणालाही चढवू वा उतरवू नये, कितीही घाई असली तरी.

केमोथेरपी घेणाऱ्या अनेकांच्या गळ्याच्या हाडाखाली त्वचेच्या आत औषधाचे पोर्ट बसवलेले असते आणि खांद्याचा पट्टा नेमका त्यावर घासतो. लहान टॉवेलची घडी पट्ट्याखाली ठेवली, की त्रास वाचतो. एक पांघरूण, पाणी आणि उलटीच्या पिशव्या हाताशी ठेवाव्यात. पट्टा आणि दार कसे उघडायचे, हे रुग्णाला व सोबत्याला प्रत्यक्ष करून दाखवावे. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी बोलणे थांबवावे लागेल, हे आधीच सांगावे, म्हणजे तुमची शांतता त्यांना घाबरवत नाही.

संस्था संमती देत असेल, तर रेडिओवर कम्पॅशन हे संबोधन वापरता येते. त्याने नियंत्रकाला उड्डाणाचे स्वरूप कळते. आपल्याला प्राधान्य मिळाले असे मात्र समजू नये. सकाळी लवकर उडावे, कारण उन्हे चढली की हवा हेलकावते. खाली येताना मिनिटाला ३०० ते ५०० फूट एवढ्याच वेगाने उतरावे आणि रुग्णाला गिळायला किंवा जांभई द्यायला सांगावे. सर्दी झालेल्या मुलांचे कान फार दुखतात. वाटेत रुग्णाची प्रकृती बिघडली, तर नियंत्रकाला आणीबाणी जाहीर करून जवळच्या, रुग्णवाहिका येऊ शकेल अशा विमानतळावर उतरावे. त्यात संकोच करू नये.

छायाचित्र काढायचे असेल तर रुग्णाची परवानगी घ्यावी, आणि दिली तरी नाव व आजार कोठेही लिहू नये. उतरल्यावर बहुतेक ठिकाणी अर्थ एंजल (जमिनीवरचे देवदूत) म्हणून ओळखले जाणारे स्वयंसेवक मोटार घेऊन उभे असतात. ज्यांच्याकडे परवाना नाही, त्यांना हे काम सहज करता येते, आणि विमानतळाजवळ राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ते जरूर करावे. शनिवार-रविवार सोडून कामाच्या दिवशी मोकळ्या असणाऱ्या निवृत्त मंडळींची तेथे फार गरज असते. मोटार आलेली दिसेपर्यंत आणि रुग्ण तीत बसेपर्यंत तुम्ही विमानतळ सोडू नये.

घरी परतल्यावर त्याच दिवशी संस्थेच्या नोंदीत मिशन पूर्ण झाल्याचे लिहावे, कारण तेच पाहून समन्वयक परतीचा वैमानिक पक्का करतो. रुग्णाला चढताना अपेक्षेपेक्षा जास्त आधार लागला असेल किंवा सामान जास्त निघाले असेल, तर तेही लिहावे. पुढच्या वैमानिकाला त्याची गरज पडेल. पेट्रोलच्या पावत्या जपून ठेवाव्यात. खर्चाची तपशीलवार वजावट घेणाऱ्यांना, संस्था करसवलतीस पात्र असेल तर, स्वतःच्या खिशातून गेलेल्या इंधनाची रक्कम देणगी म्हणून दाखवता येते. विमानाची झीज, विम्याचा हप्ता आणि स्वतःच्या वेळेची किंमत दाखवता येत नाही. संस्थेने परत दिलेले पैसे त्यातून वगळावे लागतात, म्हणून दोन्हींच्या नोंदी एकाच वहीत, मिशनच्या तारखेसह ठेवाव्यात.